नकाशावर सही कोणाची? आर्किटेक्ट होऊ पाहणाऱ्या मुलामुलींच्या पालकांसाठी

नागपुरात मोमिनपुरा, हंसापुरी, जाफरनगर, ताजबाग आणि पलीकडे कामठीपर्यंत चक्कर मारली, तर घरे बांधणाऱ्या माणसांची आपल्या समाजात कमी नाही हे सहज लक्षात येते. कोणी मिस्त्री आहे, कोणी सुतार, कोणी सेंट्रिंगवाला, कोणी फरशी बसवणारा, कोणी वेल्डर, कोणी छोटा ठेकेदार. ओळंबा, गुण्या आणि थापी अनेक घरांत पिढ्यानपिढ्या आहेत. भिंत अर्धा इंच झुकली असेल तर यांना ती नुसत्या डोळ्याने कळते. पण महापालिकेत नकाशा मंजुरीसाठी टाकायची वेळ आली, की याच माणसाला सहीसाठी दुसऱ्याच्या ऑफिसात बाकावर बसून राहावे लागते.

आता या घरांतली मुले आणि मुली बारावी विज्ञानापर्यंत पोहोचली आहेत. त्यातली काही म्हणतात, “अब्बू, मला आर्किटेक्ट व्हायचंय.” मग घरात प्रश्नांची रांग लागते. हे म्हणजे सिव्हिल इंजिनिअरिंगच ना? याचे लायसन्स कसे मिळते? परीक्षा कधी असते? क्लास लावावा लागेल का? पैसे किती लागतील? मुलीला साइटवर पाठवावे लागेल का? असे प्रश्न विचारणारे पालक आम्हाला वारंवार भेटतात आणि बहुतेकांना अर्धवट माहिती मिळालेली असते. म्हणून या महिन्यात हा विषय सविस्तर मांडतो आहोत.

परवान्याची परीक्षा शेवटी नाही

सर्वात आधी एक गैरसमज दूर करू. एलएल.बी. झालेल्या मुलाला वकिलीसाठी अखिल भारतीय बार परीक्षा द्यावी लागते, हे आता अनेकांना ठाऊक आहे. त्यावरून आर्किटेक्टलाही पदवीनंतर अशीच परवान्याची परीक्षा असेल, असे वाटते. आपल्या देशात तशी परीक्षा नाही.

आपल्याकडे हा व्यवसाय ‘वास्तुविशारद अधिनियम, १९७२’ या केंद्रीय कायद्याने बांधलेला आहे. या कायद्यानुसार ‘कौन्सिल ऑफ आर्किटेक्चर’ ही संस्था आर्किटेक्टांची नोंदवही ठेवते. मान्यताप्राप्त पदवी हातात आली, की कौन्सिलकडे अर्ज करायचा आणि नाव नोंदवायचे. हीच नोंदणी म्हणजे लोक ज्याला ‘लायसन्स’ म्हणतात ते.

दुसऱ्या देशांत रीत वेगळी आहे. अमेरिकेत पदवीनंतर ३,७४० तासांचा नोंदवलेला कामाचा अनुभव आणि सहा भागांची परवाना परीक्षा असा साधारण रस्ता आहे. ब्रिटनमध्ये पार्ट वन, पार्ट टू, पार्ट थ्री अशा पायऱ्यांची परंपरा आहे. सौदी अरबस्तानात काम करायचे तर तिथल्या इंजिनिअर्स कौन्सिलकडे नोंदणी करावी लागते. नागपूरच्या किती तरी घरांतले कोणी ना कोणी आखाती देशांत आहे. त्यांनी ही गोष्ट लक्षात ठेवावी. इथली पदवी आणि इथली नोंदणी पक्की असेल, तर पुढचे दार ठोठावता येते. पायाच कच्चा असेल, तर बाहेरही काही चालत नाही.

याचा अर्थ आपल्याकडे चाळणी सुरुवातीलाच लागते. प्रवेश परीक्षा ही पहिली चाळणी आणि पाच वर्षांचा अभ्यासक्रम ही दुसरी. शेवटी एखादी मोठी परीक्षा येऊन कच्चे राहिलेले पक्के करून घेईल, अशी सोय नाही. त्यामुळे परवान्याची तयारी बारावीच्या आसपासच सुरू करावी लागते, आणि घराने ती समजून घ्यावी लागते.

नावाचा हक्क

‘आर्किटेक्ट’ हा शब्द कोणीही आपल्या पाटीवर लिहू शकत नाही. कायद्याच्या ३७व्या कलमानुसार नोंदणी नसताना ही उपाधी लावणे गुन्हा आहे. मार्च २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा अर्थ स्पष्ट केला. कायदा ‘आर्किटेक्ट’ या उपाधीचे रक्षण करतो. इमारतीचे डिझाइन करण्याच्या कामावर सरसकट बंदी घालत नाही, असे न्यायालयाने सांगितले. म्हणजे अनुभवी मिस्त्री किंवा इंजिनिअरने घराची आखणी केली तर तो या कलमाखाली गुन्हेगार ठरत नाही. पण त्याने स्वतःला आर्किटेक्ट म्हणवून घ्यायचे नाही. नकाशा मंजुरीसाठी दाखल करण्याचे अधिकार कोणाला आणि किती, हे मात्र स्थानिक बांधकाम नियमावली ठरवते.

इंजिनिअर आणि आर्किटेक्ट यांतला फरकही समजून घ्यायला हवा. १९२९ मध्ये ढाक्यात जन्मलेले फजलुर रहमान खान यांचे नाव जगभर आदराने घेतले जाते. शिकागोचा ११० मजली सिअर्स टॉवर इतक्या उंचीवर वाऱ्याला तोंड देत कसा उभा राहील, याचे गणित त्यांनी मांडले. खान हे स्ट्रक्चरल इंजिनिअर होते. त्याच इमारतीचे आर्किटेक्ट होते ब्रूस ग्रॅहम. दोघे एकाच कंपनीत, एकाच प्रकल्पावर; पण एकाचे काम इमारत पेलायची कशी हे पाहण्याचे आणि दुसऱ्याचे काम माणसांनी त्यात राहायचे-वावरायचे कसे हे ठरवण्याचे. आपल्या पाल्याला यातले कोणते काम मनापासून आवडते, हे आधी विचारा. फक्त “सिव्हिलला नंबर लागला नाही म्हणून आर्किटेक्चर” अशा हिशेबाने आलेली मुले दुसऱ्या वर्षापर्यंत थकतात.

आणखी एक इशारा. आयटीआयचा ड्राफ्ट्समन कोर्स, इंटिरिअर डिझाइनचा डिप्लोमा, कॉम्प्युटरवर नकाशे काढण्याचा सहा महिन्यांचा क्लास, हे सगळे पोट भरण्याच्या दृष्टीने उपयोगाचे आहेत. पण यांच्या जोरावर आर्किटेक्ट म्हणून नोंदणी मिळत नाही. कोणी जाहिरातीत तसे सुचवत असेल, तर दोन पावले मागे सरा.

दारातल्या दोन परीक्षा

पाच वर्षांच्या बी.आर्क. प्रवेशासाठी दोन परीक्षा आहेत. पहिली ‘नाटा’, म्हणजे कौन्सिल स्वतः २००६ पासून घेत असलेली राष्ट्रीय अभिक्षमता चाचणी. दुसरी जेईई मेनचा पेपर २-ए. महाराष्ट्रातल्या कॉलेजांत राज्य सीईटी कक्षाच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून, म्हणजे ‘कॅप’मधून जाताना यांपैकी कोणत्याही एका परीक्षेचे गुण चालतात. नागपूरच्या व्हीएनआयटीमध्ये जायचे असेल तर मात्र जेईईचा पेपर २-ए द्यावाच लागतो. व्हीएनआयटी ही राष्ट्रीय संस्था असल्याने तिथल्या निम्म्या जागा राज्यातल्या विद्यार्थ्यांसाठी असतात. आपल्या शहरातच अशी संस्था असताना किती तरी घरांत तिच्या आर्किटेक्चर विभागाचा पत्ताही नसतो, याची आम्हाला खंत वाटते.

बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित हवेच. “गणित नको म्हणून आर्किटेक्चर” असा विचार करणाऱ्यांनी अकरावीतच सावध व्हावे. दहावीनंतर गणितासह तीन वर्षांचा डिप्लोमा केलेल्यांनाही हा रस्ता खुला आहे. टक्केवारीची अट आणि विषयांची यादी मधूनमधून बदलते, म्हणून त्या वर्षीची माहिती पुस्तिका स्वतः वाचावी.

२०२४ आणि २०२५ मध्ये नाटा २०० गुणांची होती. त्यात ८० गुण हाताने करायच्या कामाचे: रंगांची रचना, काळ्या-पांढऱ्यातले रेखाटन आणि दिलेल्या साहित्यातून त्रिमिती मॉडेल. उरलेले १२० गुण संगणकावरच्या ५० प्रश्नांचे. दोन्ही भागांना दीड-दीड तास. संगणकावरच्या प्रत्येक प्रश्नाला १०८ सेकंद. एका वर्षात जास्तीत जास्त तीन वेळा बसता येत होते आणि सर्वात चांगला निकाल धरला जात होता.

जेईईच्या पेपर २-ए मध्ये गणिताला १००, अभिक्षमतेला २०० आणि चित्राला १०० असे ४०० गुण आणि वेळ तीन तास, असे गेल्या काही वर्षांतले स्वरूप आहे. गणित आणि अभिक्षमता संगणकावर, चित्र कागदावर. हे आकडे पालकांनी नीट पाहावेत. ४०० पैकी ३०० गुण डोळा, हात आणि कल्पनाशक्ती यांचे आहेत. इंजिनिअरिंगच्या क्लासमध्ये मागच्या बाकावर बसणारी मुलगी इथे पुढे जाऊ शकते. शिवाय जेईई मेन मराठीतून आणि उर्दूतूनही देता येते. उर्दू माध्यमातून शिकलेल्या आपल्या मुलांना हे कोणी सांगतच नाही.

वेळापत्रकाकडेही लक्ष हवे. जेईईचे पहिले सत्र जानेवारीत आणि दुसरे एप्रिलमध्ये असते. बारावीची बोर्डाची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये. नाटा २०२४ मध्ये एप्रिलपासून आणि २०२५ मध्ये मार्चपासून सुरू झाली. अलीकडच्या वर्षांत रमजानही याच सुमारास येतो आहे आणि दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी अलीकडे सरकतो आहे. रोजे, तरावीह आणि परीक्षा यांचा मेळ घालायचा तर चित्रकलेचा सराव रमजानपर्यंत ठेवू नये. तो दिवाळीच्या सुट्टीतच सुरू व्हावा. रमजानमध्ये सहरीनंतर फज्र पढून मिळणारा शांत तास गणितासाठी आणि दुपारची हलकी वेळ रेखाटनासाठी, अशी विभागणी अनेक घरांना सोयीची पडेल.

क्लास नसला तरी

क्लासवाले मुलांना वीस-पंचवीस ठराविक चित्रे पाठ करून घेतात: बाजार, बसस्टॉप, बाग, रेल्वे प्लॅटफॉर्म. प्रश्न थोडा फिरवून आला की पाठांतर कोसळते. चांगला शिक्षक मिळाला तर जरूर जावे. पण फी परवडत नाही म्हणून स्वप्न गुंडाळून ठेवण्याचे कारण नाही. या परीक्षेची बरीचशी तयारी घरात आणि आपल्या गल्लीत होते, आणि तिला पेन्सिल, कागद, मोजपट्टी व नियम एवढेच लागते.

पहिला सराव मोजण्याचा. घरातला टेप घ्या आणि आपल्याच घराचा नकाशा १:५० या प्रमाणात काढा. म्हणजे तीन मीटरची खोली कागदावर सहा सेंटिमीटर. दारे, खिडक्या, ओटा, जिना, न्हाणी सगळे जागच्या जागी. जिन्याची एक पायरी किती उंच आणि किती रुंद, हे मोजून लिहा. दादीला कोणत्या जिन्यावर चढताना धाप लागते आणि कोणत्या नाही, तेही विचारा. मापाचा माणसाच्या शरीराशी संबंध असतो, हा आर्किटेक्चरचा पहिला धडा त्या उत्तरात आहे. अब्बू मिस्त्री असतील तर त्यांना शेजारी बसवा. त्यांच्या बोटांवर असलेली मापे कोणत्याही क्लासच्या नोट्समध्ये मिळणार नाहीत.

दुसरा सराव दूरचे-जवळचे दाखवण्याचा, म्हणजे पर्स्पेक्टिव्हचा. यासाठी नागपूर हे उत्तम शहर आहे. वर्धा रोडवर खाली रस्ता, त्यावर उड्डाणपूल आणि त्याच्याही वर मेट्रो अशी तीन थरांची रचना ३.१४ किलोमीटर धावते. एका बाजूला सुरक्षित जागी उभे राहून पाहा, सगळ्या समांतर रेषा दूर एका बिंदूकडे कशा पळतात. सीताबर्डीच्या मेट्रो स्टेशनवरून खालचा बाजार पाहा. वरून पाहताना माणसे, हातगाड्या आणि छत्र्या कशा दिसतात ते टिपा. रमजानच्या संध्याकाळी मोमिनपुऱ्यात पहिल्या मजल्याच्या गॅलरीतून दिसणारे कढयांचे, दिव्यांचे आणि गर्दीचे दृश्य दहा मिनिटांत रेखाटा. “गॅलरीतून खाली पाहताना दिसणारा बाजार” असा प्रश्न परीक्षेत आला, तर ज्याने तो खरोखर पाहिला आहे त्याचे चित्र वेगळे उठून दिसते.

तिसरा सराव इमारती वाचण्याचा. सिव्हिल लाइन्समधली उच्च न्यायालयाची घुमटाची इमारत हेन्री मेड या आर्किटेक्टने डिझाइन केली आणि ती १९४० मध्ये सुरू झाली. दीक्षाभूमीचा स्तूप आर्किटेक्ट शिवदान मल यांच्या आराखड्यानुसार उभा राहिला आणि डिसेंबर २००१ मध्ये त्याचे लोकार्पण झाले. जुने स्तूप आतून भरीव असतात, हा आतून पोकळ आहे. लोक आत जाऊन बसू शकतात. दोन्हीकडे घुमट, पण एक पाहताना दबदबा वाटतो आणि दुसऱ्याच्या आत शांतता. असे का वाटते, याचे उत्तर शोधत दोन्हींची रेखाटने करा. कस्तुरचंद पार्कची छत्री, झिरो माइलचा दगडी स्तंभ आणि घोडे, महालातले जुने वाडे, आपल्या मोहल्ल्यातल्या मशिदीच्या कमानी, हे सगळे फुकटचे वर्ग आहेत.

चौथा सराव निरीक्षणाचा. नागपूरच्या मे महिन्यात घरातली कोणती खोली आधी तापते? पश्चिमेची भिंत रात्री किती वाजेपर्यंत गरम असते? कूलर लावल्यावर समोरची खिडकी उघडी ठेवली तर हवा खेळते आणि बंद केली की चिकचिक होते, हे आपल्या अम्मीला माहीत आहे. मुलांनी त्याचे कारण शोधून बाणांनी हवेचा मार्ग काढून दाखवावा. अभिक्षमतेचे अनेक प्रश्न अशा रोजच्या समजुतीवरच उभे असतात.

त्रिमितीसाठी काड्यापेट्या, जुन्या वह्यांचे पुठ्ठे आणि साबणाची वडी पुरे. साबणाच्या वडीचा एक कोपरा कापला तर समोरून, वरून आणि बाजूने ती कशी दिसेल ते आधी कागदावर काढायचे, मग कापून पडताळायचे. आठवड्यातून दोनदा घड्याळ लावून बसायचे. प्रत्येक पानावर तारीख टाकायची. तीन महिन्यांनी पहिले पान आणि शेवटचे पान शेजारी ठेवले, की प्रगती आपोआप दिसते.

इथे एक नाजूक प्रश्न येतो. काही घरांत माणसांची चित्रे काढण्याबद्दल संकोच असतो. त्याबाबत आपापल्या जाणकारांना विचारावे; आम्ही त्यात निर्णय देणार नाही. व्यवहारातली गोष्ट एवढीच सांगतो, की आर्किटेक्टच्या चित्रात माणूस प्रामुख्याने मापासाठी येतो. दार किती उंच, मैदान किती मोठे, हे कळावे म्हणून काढलेल्या आकृतीला नाक-डोळे नसतात. साध्या बाह्यरेषेत काम भागते. या एका कारणासाठी परीक्षाच सोडून देण्याआधी एवढी माहिती घरात असावी.

कॉलेज निवडताना

आमच्या मते पालकांची खरी परीक्षा इथे आहे. शेवटी नोंदणी मिळायची तर पदवी मान्यताप्राप्त हवी. कौन्सिल कॉलेजांना शैक्षणिक वर्षानुसार मान्यता देते आणि जागांची संख्या ठरवते. म्हणून “आमचे कॉलेज जुने आहे” किंवा “मागच्या वर्षी मान्यता होती” एवढ्यावर विश्वास ठेवू नये. कौन्सिलच्या संकेतस्थळावर कॉलेजांची यादी असते. ज्या वर्षी प्रवेश घ्यायचा, त्या वर्षाची स्थिती आणि मंजूर जागा तिथे पाहा, त्या पानाची प्रत काढून ठेवा आणि मगच पैसे भरा. या तपासणीला दहा मिनिटे लागतात. ती चुकली तर मुलाची पाच वर्षे आणि घराची पुंजी पणाला लागते.

नागपुरात व्हीएनआयटीशिवाय आर्किटेक्चरची खासगी कॉलेजेही आहेत. घराबाहेर पाठवण्याची तयारी असेल तर मुंबईत वांद्र्याचे रिझवी, पुण्यात आझम कॅम्पसमधले अल्लाना आणि नवीन पनवेलला अंजुमन-ए-इस्लामचे काळसेकर संकुल, अशी आपल्या समाजातल्या संस्थांनी चालवलेली कॉलेजेही आहेत. त्यांनाही हीच तपासणी लावायची. आपल्या लोकांची संस्था म्हणून डोळे मिटायचे नाहीत आणि परकी म्हणून नाक मुरडायचे नाही. कॉलेज पाहायला जाल तेव्हा स्टुडिओ पाहा, मुलांची मॉडेल्स पाहा, ग्रंथालय पाहा आणि शेवटच्या वर्षातल्या दोन-तीन विद्यार्थ्यांशी बोला.

पैशांचा आणि कागदांचा हिशेब

फीशिवाय ड्रॉइंग बोर्ड, शीट, मॉडेलचे साहित्य, प्रिंट, अभ्यास सहली आणि बऱ्यापैकी ताकदीचा लॅपटॉप हा वेगळा खर्च असतो. तो पहिल्या दिवशीच डोळ्यांसमोर असावा. मात्र सवलतीही आहेत, आणि त्या कागदांअभावी हातच्या जातात.

राज्य सरकारने जुलै २०२४ मध्ये निर्णय घेतला, की वार्षिक आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या ओबीसी, एसईबीसी आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकातल्या मुलींना कॅपमधून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाल्यास शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्काची पूर्ण सवलत मिळेल. मोमीन-अन्सारी, बागवान, पिंजारी अशा अनेक बिरादऱ्या राज्याच्या ओबीसी यादीत आहेत. म्हणजे विणकर घराण्यातल्या मुलीला या योजनेतून आर्किटेक्चर शिकता येऊ शकते. अट एवढीच की प्रवेश कॅपमधून हवा. घाईत मॅनेजमेंट कोट्यातून सीट घेतली, की ही सवलत गेली.

ओबीसी सवलतीसाठी जातीचे प्रमाणपत्र, जात पडताळणी आणि नॉन-क्रिमीलेअर लागते. अडचण पडताळणीत येते. ओबीसींसाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा मागितला जातो, आणि आपल्या दादा-परदादांच्या शाळेच्या दाखल्यावर पुष्कळदा नुसते ‘मुसलमान’ लिहिलेले असते. जुन्या शाळेची प्रवेश नोंदवही, जन्म-मृत्यूच्या नोंदी, जमिनीचे कागद शोधायला महिने लागतात. म्हणून हे काम मूल अकरावीत असतानाच सुरू करा. बारावीच्या निकालानंतर धावपळ केली तर कागद येईपर्यंत फेऱ्या संपलेल्या असतात.

ओबीसीत न येणाऱ्यांसाठी आठ लाखांच्या उत्पन्न मर्यादेत राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे, आणि अल्पसंख्याक विद्यार्थ्यांसाठी राज्याची वेगळी शिष्यवृत्तीही आहे. दोन्हींचे अर्ज महाडीबीटीवर होतात. एका वेळी एकाच योजनेचा लाभ मिळतो, तेव्हा कोणती फायद्याची ते बसून ठरवावे.

पाच वर्षे घराचीही

हा अभ्यास पुस्तकात डोके घालून होत नाही. प्रत्येक सत्रात एक-दोन डिझाइन असतात, ती भिंतीवर लावून परीक्षकांसमोर उभे राहावे लागते. याला ज्युरी म्हणतात. आठवडाभर जागून केलेल्या शीटवर शिक्षक लाल रेघ मारतात आणि “पुन्हा करून आण” म्हणतात. पहिल्या वर्षी अनेक मुले यावर रडतात. तेव्हा “सोडून दे” म्हणणारे घर आणि “चहा करून देते, बस पुन्हा” म्हणणारे घर, यांतल्या फरकावर मुलाचे पुढचे पाऊल ठरते. एक मोठे टेबल, त्यावरचा दिवा आणि “त्याच्या शीटला हात लावायचा नाही” ही लहान भावंडांना दिलेली ताकीद, एवढे घराने करावे.

मुलींच्या बाबतीत साइटचा प्रश्न निघतो. साइटवर जावे लागते, प्रशिक्षणाच्या सत्रात तर नियमाने. तिथे हेल्मेट आणि बूट सर्वांना सारखेच. डोक्यावर ओढणी किंवा हिजाब असल्याने लेव्हल तपासता येत नाही, असे काही नाही. बगदादमध्ये १९५० साली जन्मलेल्या झाहा हदीद यांनी बैरुतमध्ये आधी गणित शिकले, मग लंडनमध्ये आर्किटेक्चर. २००४ मध्ये प्रित्झकर पारितोषिक मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला ठरल्या. ढाक्याच्या मरीना तबस्सुम यांनी बांधलेल्या बैत-उर-रऊफ मशिदीला २०१६ मध्ये आगाखान पुरस्कार मिळाला. साध्या विटांची ती मशीद छतातून आणि भिंतींतून झिरपणाऱ्या उजेडाने भरून जाते. आपल्या मुलींनी ही नावे ऐकायला हवीत.

सहीची जबाबदारी

पाच वर्षे संपली, प्रबंध झाला, पदवी मिळाली, की कौन्सिलकडे ऑनलाइन अर्ज करावा. मिळणारा नोंदणी क्रमांक ‘सीए’ या अक्षरांनी सुरू होतो, पुढे नोंदणीचे वर्ष आणि मग अनुक्रमांक असतो. नोंदणीचे नूतनीकरण वेळेवर करावे लागते. उद्या तुम्ही स्वतःचे घर बांधायला काढाल तेव्हाही समोरच्या आर्किटेक्टचा हा क्रमांक मागायला लाजू नका. तो कौन्सिलच्या नोंदीत तपासता येतो.

नोंदणीबरोबर व्यावसायिक आचरणाचे नियमही लागू होतात. ते १९८९ चे आहेत. आर्किटेक्टने ठेकेदार किंवा माल पुरवणाऱ्याकडून कमिशन खायचे नाही; त्याचा मेहनताना घर बांधणाऱ्याकडून येतो आणि त्याची निष्ठाही त्याच्याशीच हवी. बाजारात याच्या उलट काय चालते ते सगळ्यांना माहीत आहे. आयुष्यभराची कमाई लावून कोणी दोन खोल्या बांधत असतो. त्याने आपल्यावर ठेवलेला विश्वास ही अमानत आहे, आणि अमानतीत खयानत करायची नाही, हे आपल्या घरांत मुलांना लहानपणीच शिकवले जाते. ही शिकवण घेऊन नकाशावर सही करणारे हात आपल्या मोहल्ल्यांना हवे आहेत.

तेव्हा ज्यांच्या घरी यंदा अकरावी-बारावीचे मूल आहे आणि त्याच्या वहीच्या मागच्या पानांवर घरे, कमानी आणि जिने काढलेले सापडतात, त्यांनी ती पाने फाडू नयेत. या आठवड्यात तीन कामे करावीत: त्या वर्षीची माहिती पुस्तिका वाचावी, कागदांची फाइल उघडावी आणि मुलाच्या हातात टेप देऊन घर मोजायला सांगावे. मेहनत मुलांनी करायची, सोय आपण करायची आणि दुआ सगळ्यांनी. अल्लाह त्यांच्या हातांना हुनर आणि सहीला बरकत देवो. आमीन.